दहावा आकडा आणि ६५,५३६ ओळी

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली. इंग्लंडमधील तिची रुग्णालये आणि दवाखाने संगणकाने जोडण्याचा प्रचंड कार्यक्रम २००२ मध्ये हाती घेतला गेला. अब्जावधी पौंड खर्चून झाल्यावर, २०११ मध्ये, सरकारने तो मोडीत काढत असल्याचे जाहीर केले. सगळेच वाया गेले असे नाही. क्ष-किरण चित्रे पडद्यावर पाहण्याची सोय त्यातूनच सर्वत्र पोचली. पण रुग्ण कुठेही गेला तरी त्याची सविस्तर नोंद तिथे उघडावी, हे काही जमले नाही.

यात इतके अवघड काय आहे? यंत्रे विकत घेणे सोपे असते. अडचण येते ती माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना. ‘हा तोच रुग्ण’ हे आधी ठरायला हवे. त्यासाठी तिथे प्रत्येकाला दहा आकडी नंबर असतो. त्यातला दहावा आकडा राखणदार. तो कसा काढतात ते पाहू.

समजा पहिले नऊ आकडे ९९९१२३४५१ आहेत. त्यांना क्रमाने १०, ९, ८ असे २ पर्यंत गुणून बेरीज करू. ती येते ३१०. तिला ११ ने भागले की बाकी २. ती ११ मधून वजा केली की ९, हाच दहावा आकडा. (उत्तर ११ आले तर ० लिहितात, १० आले तर तो नंबर कुणालाच देत नाहीत.) आता घाईत १ आणि २ ची अदलाबदल झाली, तर बेरीज ३११ होते आणि दहावा आकडा ८ यायला हवा. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. शेजारचे दोन वेगळे आकडे उलटले की बेरीज त्यांच्यातल्या फरकाइतकीच बदलते. हा फरक १ ते ९ मधलाच असल्याने त्याला ११ ने भाग जाणे शक्य नाही. फळ्यावर करून पाहण्याजोगे गणित आहे हे!

पण राखणदार आकड्यांवर नजर ठेवतो, फाइलवर नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस कोविडचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाइलींत येत. ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या तक्त्यात भरले जात. या तक्त्यात ओळीचा क्रमांक १६ बिटांत मावावा लागतो, म्हणून ओळी २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ इतक्याच. एका तपासणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका तक्त्यात जेमतेम चौदाशे रुग्ण बसत. उरलेले गळून गेले. आठवडाभरात असे १५,८४१ बाधित मोजणीतून सुटले. त्यांना स्वतःला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्यांकडे ही नावे पोचलीच नव्हती. साथीत असे चार-पाच दिवस फार महाग पडतात.

२००७ पासूनच्या तक्त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे २ चा २० वा घात. मग जुना का वापरला? आमच्या मते, चालू गाड्याला हात लावायला कुणी धजत नाही म्हणून. रुग्णालय एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या संगणकीय विषाणूने इंग्लंडमधील हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द करायला लावल्या. त्याला अडवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. अनेक यंत्रांवर ती बसवायची राहून गेली होती.