आजीची शेवटची गाडी

आमची आई, आमच्या पाच मुलांची आजी, मार्च २०२४ मध्ये न्यू जर्सीत घरीच गेली. वय वर्षं ८९. शेवटची अकरा वर्षं अल्झायमरची. मंडळातल्या अनेकांनी तिच्या हातचे भोपळ्याचे घारगे खाल्ले आहेत, म्हणून आम्ही भावंडं हे चार शब्द लिहीत आहोत.

आई मूळची वाईची. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, मेणवलीची मोठी घंटा हे तिचं बालपण. लग्नानंतर तिनं पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. वडील गेल्यावर १९८८ साली ती आमच्याकडे आली. लायब्ररीतल्या वर्गात इंग्रजी शिकली, सत्तावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि दुसऱ्याच दिवशी एकटी जाऊन भोपळा घेऊन आली! आम्ही नोकरीवर, मुलं तिच्यापाशी. तिन्हीसांजेला शुभंकरोति, मग पाढे, मग वरणभात. जुन्या साड्यांच्या गोधड्या तिनं पाचही नातवंडांना शिवून दिल्या.

२०१३ मध्ये निदान झालं. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं १९०६ साली प्रथम वर्णन केलेला हा आजार. यात साधारणपणे अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. मोठेपणी शिकलेली भाषाही अनेकदा आधी सुटते. आईचं तसंच झालं. आधी न्यू जर्सी गेलं, मग इंग्रजी गेलं. उरली ती वाई आणि मराठी.

संध्याकाळ झाली की ती पिशवी भरून दाराशी उभी राहायची. "वाईची गाडी किती वाजता आहे गं?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला खोटं पाडू नका. इथेच जन्मलेली आमची धाकटी तिचा हात धरून म्हणायची, "आजी, शेवटची गाडी गेली. आज इथेच राहू, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ." आजीला ते पटायचं. "बरं, मग कुकर लाव," म्हणून ती पिशवी खाली ठेवायची. रविवारच्या मराठी वर्गाला कुरकुरत जाणाऱ्या या मुलीला ते मराठी आता रोज लागू लागलं.

दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाई हैतीच्या. त्यांच्यासाठी आम्ही फ्रिजवर वीस शब्द रोमन लिपीत लावले: पाणी, दुखतंय, थंडी वाजते, लघवी, पुरे, भीती वाटते. महिन्याभरात त्या "आई, चला" म्हणू लागल्या आणि आई मुकाट्यानं आंघोळीला जाऊ लागली.

घरात वडीलधारी मंडळी असलेल्यांना अनुभवाच्या दोनतीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. माणूस सही करू शकतो तोवर हेल्थ केअर प्रॉक्सीचे कागद करून घ्या. आईनं २०१४ मध्ये देवनागरीत ठसठशीत सही केली, म्हणून पुढे निर्णय घेताना भावंडांत वाद झाला नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलनं दुभाष्याची सोय करायची असते, तीही विनामूल्य. ती मागा, नातवंडांना दुभाषी करू नका. आजार वाढल्यावर मेडिकेअरच्या हॉस्पिसमधून नर्स, औषधं आणि पलंग घरी मिळतात. सहा महिन्यांहून अधिक आयुष्य असण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, पण मुदत वाढवता येते. आईचे शेवटचे चार महिने त्यामुळे स्वतःच्या खोलीत गेले.

त्या काळात मंडळातून आलेले डबे आम्ही विसरणार नाही. अस्थी आम्ही वाईला कृष्णेत सोडल्या.

मुलांना मराठी शिकवून इथे काय उपयोग, असं आपल्यात अनेकजण विचारतात. आमच्यापुरतं उत्तर मिळालं आहे. आपणही म्हातारे होणार. आपलं इंग्रजी सुटून गेलं आणि आपण गाडीची वेळ विचारली, तर मराठीत उत्तर देणारं घरात कुणीतरी असू दे.