सुरतेच्या पाकशाळेतील संगम

सुरतेचे नाव घेताच मराठी वाचकास शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते. त्या काळी ज्या वैभवामुळे हे नगर सर्वतोमुखी झाले होते, ते तापीच्या मुखाशी लागणाऱ्या गलबतांनी आणिले होते. इंग्रजांनी १६१३ मध्ये येथे वखार घातली. मागोमाग वलंदाज आले. मिरीचा मोठा व्यापार करणारे आणि इंग्रज कंपनीस कर्ज देणारे जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा याच नगरीचे. देशोदेशीचा माल पेढीवर आला, तसा तो हळूहळू चुलीपर्यंतही पोहोचला. अलीकडे ज्यास 'फ्यूजन' असे नवे नाव मिळाले आहे, तो संगम सुरतेस फार जुना आहे.

नानकटाईचेच उदाहरण घ्या. 'नान' हा शब्द फारसी. वलंदाजांच्या भट्टीत ताडीने पीठ फुगवून पाव भाजला जाई. ती भट्टी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली, असे परंपरा सांगते. वलंदाजांनी १८२५ मध्ये सुरत सोडल्यावर पावाचे गिऱ्हाईक घटले. स्थानिक लोक ताडी व अंडी यांना शिवत नसत. म्हणून ती वर्ज्य करून मैदा, तूप व साखर यांची खुसखुशीत मिठाई घडविण्यात आली. परकी भट्टी, पारशी कारागीर आणि शाकाहारी गिऱ्हाईक अशा तिघांची ती निर्मिती होय. गिऱ्हाइकाच्या संयमाने येथे पदार्थास नवे रूप दिले.

हिवाळ्यातील उंधियूही असेच बोलके आहे. पापडी व वांगी आपल्याकडची. पण त्यातील बटाटा, रताळे व हिरवी मिरची यांचे मूळ अमेरिका खंडात. जैन घरी मात्र कंदमुळे व हिरवी लसूण वगळून बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालतात. सांधा बदलतो, पण पंगतीस कमीपणा येत नाही. नियम पाळणाऱ्याची रसना दरिद्री असते, हा समज या पातेल्यापुढे टिकत नाही.

आज सुरतेच्या रस्त्यांवर हरभऱ्याच्या डाळीच्या वाफाळत्या लोचोवर चीज पडते, शेजवान चटणीही पडते. नावीन्याचे आम्हांस वावडे नाही. परंतु काही चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. जिलेटिन हाडे व कातडे यांपासून होते. शेजवान चटणीत बहुधा लसूण असते. वेष्टनावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कांदा, लसूण वा कंद यांविषयी तो मौन पाळतो. त्यापुढील भार विक्रेत्याच्या शब्दावर असतो.

म्हणूनच हा प्रश्न स्वयंपाकघराइतकाच पेढीचाही आहे. पदार्थ कोणत्याही देशीचा असो, त्यात काय घातले आहे हे विचारण्यापूर्वी सांगावे. ठाऊक नसल्यास 'ठाऊक नाही' असे म्हणावे. जो जैन ग्राहक विश्वासाने पहिला घास घेतो, त्याचा नियम त्या क्षणी दुकानदाराच्या हाती असतो. ताडी व अंडी वगळूनही नानकटाईचा व्यापार बुडाला नाही, उलट ती घरोघरी गेली. मर्यादा ओळखून केलेला संगमच सुरतेत टिकला, हा धडा व्यापारी बंधूंनी ध्यानी ठेवावा.