मुखवट्यामागचा थकवा



गावचा सण असो वा अंत्यविधी, शाळेची सभा असो वा रुग्णाची भेट, कोणत्याही कामाला 'नाही' न म्हणणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात. कुणी धर्मगुरू असतो, कुणी मुख्याध्यापिका, तर कुणी तरुण मंडळाचा अध्यक्ष. पुढे तीच माणसे क्षुल्लक कारणावरून चिडू लागतात, लोकांना टाळतात आणि अखेर पद सोडून घरी बसतात. 'माणूस बदलला' असे म्हणून आपण मोकळे होतो. तो बदलला, की आतून विझला, याचा विचार आपण करतो का?

या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तिचे वर्णन केले. मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारे कार्यकर्ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. म्हणजे ही अवस्था आळशी माणसाची नव्हे, तर जीव ओतून काम करणाऱ्याची आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे दाखवून दिली: भावनिक शक्ती संपणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच घडत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हा आजार नसून, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था आहे, असे स्पष्ट केले.

परंतु केवळ अधिक कामाने माणूस विझतो काय? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे, असे सतत वागावे लागणे हेही श्रमच आहेत, हे त्यांनी दाखविले. पुढाऱ्याची गत याहून निराळी नसते. त्याने कधी थकू नये, डगमगू नये, अशी आपली अपेक्षा असते. मग तो मुखवटा चढवतो आणि तो सांभाळण्यातच त्याचे अर्धे बळ खर्ची पडते.

पवित्र शास्त्रातील मोशेने असा मुखवटा चढवला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने वेळीच सावध केले: अशाने तूही झिजशील आणि लोकही. मोशेने ते ऐकले आणि कामाची वाटणी केली (निर्गम १८). पुढे अरण्यात, हा भार मला एकट्याला पेलवत नाही, असे त्याने देवाला उघडपणे सांगितले. देवाने त्याला दोष दिला नाही. सत्तर वडीलजन सोबतीला दिले (गणना ११).

आपल्या काळातही एक उदाहरण घडले. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, वयोमानामुळे आपले बळ आता या सेवेस पुरेसे नाही, असे सांगून पदत्याग जाहीर केला. त्याला बर्नआउट म्हणणे योग्य होणार नाही. परंतु आपली मर्यादा जगासमोर मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्यात निश्चितच होता.

प्रामाणिकपणा म्हणजे मनातले सारे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. विश्वासाच्या एका माणसापाशी 'मी थकलो आहे' असे म्हणता येणे, न झेपणारे काम नाकारणे आणि आठवड्यातून एक दिवस खरोखर विसावा घेणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. अंधार दाटून येत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि आपले काय? अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे उंचावलेले हात जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसविले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. आपल्या पुढाऱ्याकडे या आठवड्यात नवे काम घेऊन जाण्यापूर्वी, 'आपण कसे आहात?' एवढे विचारावे आणि उत्तर ऐकायला थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.