शाकारणीचा खर्च कोणी सोसावा?

पर्यटनाच्या जाहिरातींत गोव्यातील जुन्या घराचे जे चित्र असते, त्यात पाऊस बहुधा नसतो. दारापुढील प्रशस्त बाल्कांव, त्यातील दगडी बैठका, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि त्यांपलीकडे माडांची रांग, एवढेच पाहुण्याला दाखविले जाते. परंतु जांभ्याच्या भिंतींचे, चुन्याच्या गिलाव्याचे आणि कौलारू छपराचे घर कौतुकावर उभे राहत नाही. दरवर्षी वैशाखात कोणीतरी छपरावर चढतो, कौले परततो, वाळवी लागलेला वासा बदलतो, म्हणून ते उभे असते. अशा घरात सुटीचे चार दिवस घालविणे हा म्हणूनच निव्वळ हौसेचा विषय नव्हे. शाकारणीचा खर्च कोणी सोसावा या जुन्या प्रश्नाचे ते एक नवे उत्तर आहे. ते कितपत पुरे पडते, याचा विचार व्हावयास हवा.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. साष्टीतील लोटली वा चांदोर येथील विस्तीर्ण घरे असोत, की राजांगणाभोवती बांधलेली हिंदू भाटकारांची घरे असोत, त्यांच्या देखभालीचा पैसा मुख्यतः जमिनीतून येत असे. कुळे खंड घालीत, भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारे मुंडकार पडेल ते काम करीत, आणि त्या खंडावर व श्रमांवर वाड्याचे छप्पर सावरले जाई. त्या छपराखालच्या सौंदर्यात कुळाचा घाम मुरलेला होता, हे विसरून चालणार नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर ही व्यवस्था टिकणे न्याय्यही नव्हते आणि शक्यही नव्हते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले, १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यास पायबंद घातला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली. या सुधारणांबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा एक परिणाम फारसा कोणी हिशेबात धरला नव्हता. जमीन गेली, उत्पन्न गेले, आणि घर मात्र होते तेवढेच मोठे राहिले.

त्यात वारसाहक्काची भर पडली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. तीनुसार मुलगा व मुलगी हे वारस म्हणून समान, आणि मालमत्तेचा निम्मा भाग अपत्यांसाठी राखीव. समतेच्या दृष्टीने ही तरतूद स्पृहणीयच आहे. परंतु दोन-तीन पिढ्यांनंतर एकाच घराचे वाटेकरी मुंबई, लिस्बन, पूर्व आफ्रिका असे विखुरलेले असतात. छप्पर दुरुस्त करावयाचे तर पैसा द्यावयास कोणी पुढे येत नाही, आणि विकावयाचे तर सर्वांच्या सह्या जुळत नाहीत. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, या न्यायाने कुलूपबंद दारामागे घर पावसाच्या स्वाधीन होते.

या कोंडीतून पाहुणा हा एक मार्ग निघाला. राजस्थानात १९७१ साली तनखे बंद झाल्यावर अनेक संस्थानिकांनी आपले महाल पाहुण्यांसाठी खुले केले. गोव्यात तोच मार्ग लहान प्रमाणावर अनुसरला गेला. पणजीच्या फोंताइनाश भागात आणि साष्टी-बार्देशातील गावांत जुनी घरे दुरुस्त करून तेथे निवासाची सोय करण्यात आली. १९५० पूर्वीच्या वास्तूंतील निवासस्थानांसाठी केंद्र सरकारने ‘हेरिटेज हॉटेल’ हा स्वतंत्र वर्गही केला. कुळाच्या खंडाची जागा पाहुण्याच्या भाड्याने घेतली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मात्र या भाड्याला मर्यादा आहेत. पाहुण्यांची खरी गर्दी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. घराचा खरा खर्च पावसाच्या तोंडावर. दोन खोल्यांच्या भाड्यातून बारा खोल्यांचे छप्पर सावरावयाचे असते. शिवाय घराच्या दर्शनी भागाचा आनंद रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट मिळतो, गावाची शोभा वाढते, शेजारच्या दुकानदाराचा धंदा वाढतो. खर्च मात्र एकट्या घरमालकाचा. लाभ सर्वांना आणि भार एकाला अशी स्थिती जेथे असते, तेथे केवळ बाजारावर विसंबून ती वस्तू पुरेशी जपली जात नाही, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त आहे.

भाड्याच्या मोहात घराचे नुकसानही होते. प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवे म्हणून भिंती फोडल्या जातात. चुना महाग व चुन्यात काम करणारा गवंडी दुर्मिळ, म्हणून सिमेंटचा गिलावा चढतो. सिमेंट जांभ्यातील ओल बाहेर पडू देत नाही आणि वरून टवटवीत दिसणारी भिंत आतून पोखरली जाते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दुरुस्तीचे भांडवल ज्याच्यापाशी असते तो बहुधा बाहेरचा धनिक असतो. तो घर विकत घेतो, ते सुंदर करतो. पण घर वाचते आणि घराणे जाते. कालच्या मुंडकाराची नात तेथे चादरी बदलण्याचे काम करते. खंडाचे रूप बदलले आणि नाते तेच राहिले, तर या परिवर्तनाचे समाधान कोणी मानावे?

ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थापन झालेल्या लँडमार्क ट्रस्टने निराळी वाट दाखविली आहे. हा धर्मादाय न्यास मोडकळीस आलेल्या वास्तू दुरुस्त करून सुटीसाठी भाड्याने देतो आणि ते भाडे वास्तूंच्याच देखभालीला लावतो. गोव्यात तसा न्यास उभा राहो वा न राहो, काही गोष्टी आजही करता येतील. मालक स्वतः राहत असलेल्या जुन्या घराला घरपट्टीत सवलत द्यावी आणि तिच्या बदल्यात चुन्या-लाकडाच्या मूळ पद्धतीने दुरुस्तीची अट घालावी; गावातील तरुणांना चुन्याचे व सुतारकामाचे शिक्षण द्यावे; विखुरलेल्या वाटेकऱ्यांना, घर न विकता, एकाच्या हाती दीर्घ मुदतीने सोपविण्याची सोपी कायदेशीर सोय करून द्यावी.

आणि पाहुण्यानेही खोलीचे दर विचारताना आणखी दोन प्रश्न विचारावेत: या घराची माणसे येथे राहतात काय, आणि छप्पर शाकारणारे हात याच गावचे आहेत काय? त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याने दिलेले भाडे घराबरोबर गावालाही पोसते. एरवी तो केवळ एका सुंदर कवचात राहून येतो.