पत्र्याचा स्क्रू घेताना चमक नको, थर बघा

बेळगाव / प्रतिनिधी

वळिवाच्या वाऱ्याने पत्रे उडाले की सगळे वाऱ्याला दोष देतात. पण खाली पडलेला पत्रा नीट बघा. कित्येकदा पत्रा धड असतो, स्क्रूच गंजून बारीक झालेला असतो. छतावर हजारो रुपये घालायचे आणि स्क्रूत थोडे वाचवायचे, हा हिशेब अंगावर येतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चकचकीत स्क्रू बहुधा झिंक प्लेटिंगचा असतो. त्यावर जस्ताचा थर साधारण 5 ते 12 मायक्रॉनचाच. पिवळसर स्क्रू जाड थराचा, असा समज आहे. तो रंग वरच्या रासायनिक प्रक्रियेचा आहे. कपाटाला, आतल्या दाराला हा माल चालतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात उघड्यावर तो फार काळ तग धरत नाही.

जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. म्हणून थर जितका जाड, तितके आयुष्य जास्त. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले ‘हॉट डिप’ बोल्ट करडे, खरबरीत दिसतात, पण थर 40 मायक्रॉनच्या वर असतो. शेड, गेट, टाकीच्या स्टँडला हेच घ्या. नटही त्याच जोडीचे मागा. साधे नट त्यावर चढत नाही.

पत्र्यासाठीचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घेताना बॉक्सवर थर किती मायक्रॉनचा आहे ते वाचा. रबरी वॉशर चांगला हवा, नाहीतर पाणी आत मुरते.

स्टेनलेसमध्ये 304 आपल्याकडे पुरते. गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर 316 घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही. बोल्टच्या डोक्यावर ‘ए2’ असेल तर 304 च्या जातीचा, ‘ए4’ असेल तर 316 च्या.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला पितळी स्क्रू लावू नका. ओल लागली की दोन धातूंच्या जोडात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते.

बसवतानाही लक्ष द्या. स्क्रू हातोड्याने ठोकला की थर सुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ग्राइंडरने पत्रा कापला असेल तर लोखंडाची भुकटी लगेच झाडा. तिचेही डाग पडतात.

मृगाआधी एकदा छत तपासून घ्या. स्क्रूच्या डोक्याखाली लाल ओघळ दिसला किंवा वॉशर तडकला असेल, तर तो स्क्रू बदलायची वेळ झाली आहे.