जू, शिवळा आणि कासरा: बैल नेमका ओढतो कसा?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलच्या गर्दीत हेडफोन लावायचीही सोय नसते, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना मी जिथे भरकटलो तिथे थोडी छाटणी केली आहे, बाकी मजकूर तोच.

सुरुवातीला एक प्रश्न. बैलांची एक चांगली जोडी म्हणजे किती हॉर्सपॉवर? ऑफिसमध्ये विचारलं तर कुणी चार म्हणालं, कुणी दहा. आपण हिशोबच करू. बैल दिवसभर, दमछाक न होता, आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ देऊ शकतो. चारशे किलोचा बैल धरला तर चाळीस किलो, जोडीची ऐंशी. चाल ताशी सव्वातीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.९ मीटर. गुणाकार केला की येतात ७२, आणि ७५ म्हणजे एक हॉर्सपॉवर. झालं! अख्खी जोडी मिळून जेमतेम एक हॉर्सपॉवर. आपल्या ॲक्टिव्हात त्याच्या सात-आठपट ताकद असते. चिखलात रुतलेली गाडी काढताना बैल काही क्षण याच्या कितीतरी पट जोर लावतो ही गोष्ट वेगळी, पण तो जोर दिवसभर पुरत नाही.

एवढ्या मोजक्या ताकदीवर इथली शेती शेकडो वर्षं चालली. ताकद मोजकी असली की ती जमिनीपर्यंत पोचेपर्यंत वाया किती जाते आणि बैलाला दुखवते किती, याला फार महत्त्व येतं. हे ठरतं जुवावर. म्हणून आजचा विषय जू.

जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवर आडवं येणारं लाकूड. त्याच्या दोन्ही टोकांकडे भोकं पाडून उभ्या खुंट्या घालतात, त्या शिवळा. मान शिवळांच्या मध्ये राहते, म्हणून बैल बाजूला सरकत नाही. गळ्याखालून जो पट्टा किंवा दोर जातो ते जोतं, काही भागांत त्याला सापती म्हणतात. जुवाचा मध्य नांगराच्या लांब दांड्याला दोराने बांधतात, तो दोर म्हणजे येठण. नावं दर पन्नास किलोमीटरला बदलतात, त्यामुळे तुमच्याकडे वेगळा शब्द असेल तर भांडू नका.

आता गंमत बघा. आपल्या बैलाला वशिंड असतं, आणि जू बरोबर त्याच्या पुढे बसतं. बैल पुढे रेटतो तेव्हा जू मागे सरकू पाहतं, पण वशिंड त्याला अडवतं. निसर्गाने दिलेला स्टॉपरच म्हणा ना. युरोपातल्या गुरांना वशिंड नाही, मग त्यांनी काय केलं? स्पेनमध्ये आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात जू थेट शिंगांना चामड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधतात आणि बैल डोक्याने ओढतो. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात गळ्याखालून लाकडाची वाकवलेली कमान घालतात आणि ती वरच्या जुवात अडकवतात. जर्मनी-स्वित्झर्लंडकडे तीन गाद्यांचं कॉलर निघालं, त्यात जोर मानेवर न येता दोन्ही खांद्यांवर वाटला जातो. प्राणी एकच, पण त्याच्या अंगाच्या ठेवणीप्रमाणे आणि तिथल्या कामाप्रमाणे साधन वेगळं.

आपल्या जुवाचे मोठे गुण म्हणजे ते स्वस्त आहे, गावचा सुतार बनवू शकतो आणि बैल दोन मिनिटांत जुंपता-सोडता येतो. दोषही मोठा आहे. सगळी ओढ मानेवरच्या एका अरुंद पट्टीवर येते. लॅपटॉपच्या सॅकचा पट्टा बारीक असला की खांद्याला कशी रग लागते, तसंच. त्यात लाकूड खडबडीत असेल, पावसात मान ओली असेल, दोन बैलांच्या उंचीत फरक असेल, किंवा नव्या बैलाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी मारायला लावली असेल, तर कातडी सोलते आणि आत सूज धरते. याला खांदेसूज म्हणतात. सुरुवातीलाच काम थांबवून डॉक्टरांना दाखवलं तर बैल बरा होतो. तशीच जुंपणी चालू ठेवली तर गळू होतं, चिघळतं, आणि ऐन पेरणीत बैल दावणीला बसून राहतो. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याचा हंगामच गेला म्हणायचा. दुसऱ्याची जोडी मागावी, तर त्याचीही पेरणी त्याच आठवड्यात असते.

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप किंवा लोणी आणि हळद लावून मळतात. खांदेमळणी. बैलाच्या सणात सगळ्यात आधी मान मिळतो तो नेमका या जागेला.

मानेवर दाब येतो दोन प्रकारे, आणि इथे आपली अकरावीची फिजिक्स कामाला येते. पहिला प्रकार म्हणजे ओढीचा कोन. नांगर जमिनीत, जू वर, म्हणजे ओढ तिरकी. पुढची ओढ ऐंशी किलो हवी असेल आणि कोन वीस अंशांचा असेल, तर जोडीच्या मानेवर सुमारे २९ किलो दाब खाली येतो. कोन तीस अंश झाला की तोच ४६. काम तेवढंच, भार दीडपट! म्हणून येठण कुठे बांधायची, दांडा किती लांब ठेवायचा, हे जुने लोक फार बारकाईने बघायचे. साइन-कोसाइन त्यांनी शिकलं नव्हतं, बैलाच्या चालीवरून कळायचं.

दुसरा प्रकार बैलगाडीचा. दोन चाकांची गाडी म्हणजे सी-सॉ. भार आसाच्या मागे गेला तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि जोतं बैलाच्या गळ्याला लागतं. भार फार पुढे आला तर सगळं मानेवर. समजा गाडीत दोन टन ऊस आहे आणि आसापासून जुवापर्यंत अडीच मीटर अंतर आहे. भाराचा मध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे असेल तर जुवावर ८० किलो. ३० सेंटिमीटर पुढे असेल तर २४०! एका बैलाच्या मानेवर १२० किलो, आणि वर ओढायचं ते वेगळंच. उतारावर गाडी पुढे झुकली की आणखी. म्हणजे उसाच्या मोळ्या रचताना वीतभर इकडेतिकडे झालं तर बैलाच्या मानेवर एक माणूस जास्त बसतो.

कारखान्यांच्या रस्त्यावर हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी यावरच प्रोजेक्ट केला, ‘सारथी’ नावाचा. गाडीच्या पुढच्या भागाखाली एक जादा चाक लावलं, की मानेवरचा भार ते चाक घेतं. फोटो तेव्हा तुफान व्हायरल झाले होते. मला तो प्रोजेक्ट आवडतो कारण त्यात ना ॲप आहे, ना सेन्सर. (माझा स्वतःचा बीटेकचा प्रोजेक्ट हजेरीचं ॲप होता. कॉलेजबाहेर कुणी ते उघडलं असेल असं वाटत नाही.)

जुवात आणखी एक सोय आहे. जोडीतला एक बैल थोडा कमजोर असेल तर येठण मधोमध न बांधता जोरकस बैलाकडे सरकवतात. दोन मानांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर असेल आणि गाठ पाच सेंटिमीटर सरकवली, तर भार ५४ आणि ४६ टक्के असा वाटला जातो. सर्व्हरवर लोड बॅलन्सिंग करतो ना आपण, तेच इथे एका गाठीत.

पण कितीही चांगलं जू असलं तरी बैलाला ते मान्य हवं. आटपाडीकडे माझा मामा खिलार जोडी बाळगून आहे, खरसुंडीच्या बाजारातून आणलेली. शिकवणीबद्दलचं बरंचसं त्याच्याकडून ऐकलेलं.

गोऱ्हा लहान असतानाच त्याला हाताची सवय लावायची, अंगावरून हात फिरवायचा, पाय उचलून बघायचे. मग म्होरकी घालून चालवायचं. नाक टोचून वेसण घालतात ती साधारण दीड-दोन वर्षांच्या आसपास. खच्ची करणं पूर्वी ठेचून व्हायचं, भयंकर प्रकार. आता डॉक्टर बर्डिझोच्या चिमट्याने करतात. कामाला धरायचं वय तीनच्या पुढे. आधी नुसतं जू मानेवर देऊन फिरवायचं. मग मागे एखादा हलका ओंडका बांधायचा, म्हणजे मागून येणाऱ्या आवाजाची भीती मोडते. गुरांना जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, फक्त पाठीमागचा एक पट्टा सोडून, आणि औत नेमकं त्याच पट्ट्यात असतं! त्यानंतर हलका कुळव, तोही अर्धा-पाऊण तास. शेजारी जुंपायचा तो जुना, थंड डोक्याचा बैल. नवखा त्याच्याकडे बघून अर्धं शिकतो. आणि बाजू ठरली की ठरली. उजवीकडे शिकलेला बैल डावीकडे जुंपला तर गोंधळतो.

मी एकदा कासरा हातात घेतला तेव्हा मामा म्हणाला, “ओढलास ते बरोबर. पण तो वळल्यावर सोडला का नाहीस?” सगळी शिकवण या सोडण्यात आहे. कासऱ्याचा ताण हा बैलासाठी प्रश्न, आणि ताण जाणं हे ‘बरोबर उत्तर’. वळल्यावरही ताण तसाच राहिला तर त्याला कळणार कसं की हेच हवं होतं? तो हळूहळू ताणाकडे लक्षच देईनासा होतो. मग माणूस जास्त जोरात ओढतो, मग चाबूक, मग पराणी. ‘बैल आडमुठा आहे’ असं म्हणतात त्यातल्या बऱ्याच बैलांची गोष्ट अशी घडलेली असते.

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन संशोधक गुरांच्या वागणुकीवर हेच वेगळ्या भाषेत सांगतात. गुराच्या खांद्यापाशी एक तोल-बिंदू असतो. तुम्ही त्याच्या मागे उभे राहिलात तर जनावर पुढे जातं, त्याच्या पुढे आलात तर थांबतं किंवा मागे सरतं. बैल हाकणारा माणूस मागे का चालतो, याचं उत्तर यात आलं. न्यू इंग्लंडमध्ये मात्र हाकणारा बैलाच्या डाव्या खांद्याशेजारून चालतो, बिनकासऱ्याचा, ‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे अशा नुसत्या हाकांवर. तिथे काही आठवड्यांच्या वासरांनाच छोटं जू घालून शिकवतात आणि वासरू वाढेल तसं मोठं जू करतात.

कायद्याचं थोडक्यात. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार काठी किंवा खिळे असलेलं जू वापरायलाही बंदी आहे. शर्यतींचा विषय वेगळा आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे, तो कधीतरी स्वतंत्र एपिसोडमध्ये.

यंदा गावाकडे किंवा जत्रेत बैलजोडी दिसली तर शिंगांना लावलेल्या रंगाचा फोटो काढाच, पण जरा जवळ जाऊन मानेवर वशिंडाच्या पुढे बघा. केस गेलेत का, कातडी जाड झालीय का, हात जवळ नेल्यावर बैल अंग चोरतो का. मालकाला विचारून मगच हात लावा. आणि तुमच्याकडे शिवळेला, येठणीला काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात वाजवतो.