मैलाला दोन डॉलर : हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या कमाईचे आकडे हल्ली आपल्याकडेही मोबाइलवर फिरत असतात. मैलाला दोन डॉलर, म्हणजे किलोमीटरला शंभर रुपयांच्या वर. वर्षाला एक लाख मैल गाडी पळवली की दोन लाख डॉलर! गुणाकार बरोबर आहे. फक्त ही कमाई ट्रकची, ट्रकवाल्याची नव्हे.

अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था ट्रक चालवण्याचा खर्च दरवर्षी काढते. २०२४ साठी तो सरासरी मैलाला २.२६ डॉलर निघाला. हे आकडे मुख्यतः कंपन्यांच्या ताफ्यांचे आहेत आणि त्यात चालकाचा पगार धरलेला आहे. एकाच गाडीचा मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसतो, म्हणून पगाराचा रकाना गाळतो आणि म्हणतो, ‘माझा खर्च कमी, मला पडेल भाव परवडतो.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे माझे, पण वास्तवाला धरून. गाडीचा हप्ता, विमा, परवाने, पार्किंग, हिशेबनीस मिळून महिन्याला ४,००० डॉलर. महिन्याला १०,००० मैल झाले तर मैलाला ४० सेंट. डिझेल गॅलनला पावणेचार डॉलर आणि गाडी गॅलनला साडेसहा मैल देते असं धरलं तर ५८ सेंट. दुरुस्ती आणि टायर २२ सेंट. एकूण १.२० डॉलर. आता १.६० चं भाडं आलं. मैलामागे ४० सेंट सुटले, म्हणून मालक खूश.

पण भाडं मिळतं ते भरलेल्या मैलांचं. माल ५०० मैल न्यायचा असला, तरी तो उचलायला १०० मैल रिकामं जावं लागलं तर? भाडं ८०० डॉलर, धाव ६०० मैल, खर्च ७२० डॉलर. शिल्लक ८० डॉलर. कायद्याने चालकाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि ६०० मैलांत ते अकरा तास जवळपास संपतात. म्हणजे तासाला सव्वासात डॉलरच्या आसपास. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. गोदामाच्या दारात माल चढायची वाट पाहण्यात गेलेले तास यात धरलेलेच नाहीत. त्याचे पैसे साधारणपणे पहिले दोन तास फुकट गेल्यावर सुरू होतात, तेही मागून घ्यावे लागतात. शिवाय स्वयंरोजगारावरचा १५.३ टक्के कर त्याने एकट्याने भरायचा. पगारी चालकाचा यातला निम्मा वाटा मालक भरतो.

मैल मोजण्यातही मेख आहे. मोठ्या कंपनीला गाडी लावलेल्या मालकाला बऱ्याचदा ‘छापील’ मैलांचे पैसे मिळतात, म्हणजे शहराच्या एका ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या शहराच्या ठरावीक बिंदूपर्यंतचे. गाडीचा मीटर जास्त दाखवतो. तो फरक मालकाच्या खिशातून जातो.

‘उभी गाडीही खर्च खाते, त्यापेक्षा मिळेल ते भाडं बरं.’ हा युक्तिवाद कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ऐकू येईल तसाच शिकागोतही. यात अर्धं सत्य नक्की आहे. हप्ता आणि विमा गाडी उभी असली तरी चुकत नाहीत. त्यामुळे वरच्या उदाहरणात ८० सेंटच्या वर मिळणारा प्रत्येक सेंट हप्त्याला हातभार लावतो. परतीच्या वाटेवर, घराकडे तोंड असताना कमी दराचा माल घेणं त्यामुळे शहाणपणाचंही ठरतं. पण ८० सेंटच्या खाली गेलात तर गाडी उभी ठेवणंच स्वस्त. आणि वर असलात तरी माल कुठे उतरतो ते पाहावं लागतं. फ्लोरिडात माल भरपूर जातो, बाहेर पडतो कमी. म्हणून जाण्याचा दर चांगला आणि निघण्याचा पडेल, वसंतातला भाजीपाल्याचा हंगाम सोडला तर. तिकडे जाण्याचा दर एकटा पाहून भुलणाऱ्याने येण्याजाण्याची सरासरी काढावी.

उलट, मैलाचा दर कमी म्हणजे तोटाच, हेही खरं नाही. १५० मैलांना मैलामागे चार डॉलर म्हणजे ६०० डॉलर. पण चढवण्या-उतरवण्यात अख्खा दिवस गेला तर दिवसाची कमाई तेवढीच. १,२०० मैलांचं १.९० चं भाडं दोन दिवसांत २,२८० डॉलर देतं. यातून डिझेल वजा करा, तरी लांबची खेप पुढे राहते. एकट्या मालकाने मैलापेक्षा दिवसाकडे पाहावं, असं माझं मत. ‘माझी गाडी फिटलेली आहे’ म्हणणाऱ्यालाही सूट नाही. हप्ता संपला की दुरुस्ती वाढते, आणि पुढच्या गाडीचे पैसे याच गाडीने कमवायचे असतात.

राहिला दलाल. ‘सगळं तोच खातो’ हे ऐकायला बरं वाटतं. दलालाने कोणाकडून किती घेतलं आणि गाडीवाल्याला किती दिलं, ही नोंद पाहण्याचा हक्क संघीय नियमांनी व्यवहारातल्या प्रत्येक पक्षाला दिला आहे. अनेक दलाल करारातच तो सोडून द्यायला लावतात, ही तक्रार रास्त आहे. पण दर पडण्याचं मूळ दुसरीकडे आहे. १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने या धंद्यात शिरण्यावरचे आणि दरांवरचे बरेचसे निर्बंध उठवले. तेव्हापासून माल वाढला की नवे ट्रकवाले लोटतात, आणि माल आटला की तेच एकमेकांचे दर पाडतात. करोनाकाळात खुल्या बाजारातला बंद ट्रेलरचा दर चढत जाऊन २०२२ च्या सुरुवातीला इंधनासकट तीन डॉलरच्या आसपास गेला. चढ्या भावाने ट्रक घेऊन लोक उतरले. २०२३ मध्ये तोच दर दोन डॉलरच्या आसपास होता, हप्ता मात्र जुन्याच भावाचा. त्या वर्षी येलो ही जुनी वाहतूक कंपनी बुडाली, कॉन्व्हॉय ही डिजिटल दलाल कंपनीही बंद पडली. जिथे मोठ्यांचा टिकाव लागला नाही, तिथे एका गाडीच्या मालकाला केवळ मेहनतीने तरता येत नाही.

तुमच्या ओळखीतला कोणी तिकडे ट्रक घ्यायच्या विचारात असेल, तर दर किती ते विचारू नका. महिन्याचे रिकाम्यासकट एकूण मैल किती, त्यावर खर्च किती, आणि त्या खर्चात स्वतःचा पगार धरला आहे का, एवढं त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.